ऑगस्टचे कागद, जानेवारीचे कपडे

१५७६ च्या ऑगस्ट महिन्यात 'गॅब्रिएल' नावाचं एक लहानसं इंग्लिश जहाज बॅफिन बेटाच्या आग्नेयेकडच्या एका लांबट खाडीत उभं होतं. खाडीला आज फ्रोबिशरचं नाव आहे. मार्टिन फ्रोबिशर चीनला जाणारी वायव्येकडची वाट शोधायला निघाला होता आणि ही खाडी म्हणजेच ती वाट, अशी त्याची समजूत झाली होती. जहाजाचा नाखवा क्रिस्टोफर हॉल याने तिथल्या लोकांकडून १७ शब्द टिपून घेतले. इनुइट भाषेच्या सर्वांत जुन्या लिखित नोंदींत ही यादी मोडते. पुढे रिचर्ड हॅक्लूटने ती आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापली, म्हणून ती टिकली.

हॉलच्या समजुतीप्रमाणे यादीतले १३ शब्द शरीराच्या अवयवांचे आहेत: हात, नाक, डोळा, दात, डोकं, कान, पाय, पाऊल आणि पाच बोटं. उरलेले चार म्हणजे विजार, अंगरखा, सुरी आणि जहाज. कपड्यांचे शब्द दोनच, असं वरवर दिसतं. पण आजच्या इनुक्टिटुट भाषेशी ते ताडून पाहिले की हिशेब बदलतो. अंगरख्यासाठी हॉलने 'अटेगे' लिहिलं, तो 'अतिगी'. विजारीसाठी 'कॅलगे', तो 'कार्लिक'. इथवर त्याचं बरोबर होतं. पायासाठी मात्र त्याने 'कोमगे' लिहिलं आणि हा शब्द सरळ सरळ 'कामिक' आहे. कामिक म्हणजे कातड्याचा बूट. पावलासाठी त्याने 'अटोनिएगे' लिहिलं. त्याच्या मुळाशी 'अतुंगाक' आहे, म्हणजे बुटाचा तळ. पायाकडे बोट दाखवून हॉलने विचारलं असणार, आणि समोरच्याला त्या बोटापुढे दिसला तो बूट. आर्क्टिकमध्ये उघडा पाय परक्याला दिसायचाच कुठे? पावलाचंही तसंच झालं. थोडक्यात, हॉलने नकळत कपड्यांचे चार शब्द उतरवून घेतले: अंगरखा, विजार, बूट आणि तळ. खांद्यापासून जमिनीपर्यंतचा सबंध पोशाख त्या चार शब्दांत येतो.

या चारही शब्दांचा शेवट हॉलच्या कानाला 'गे' असा ऐकू आला आहे. इनुक्टिटुटमध्ये 'माझा', 'माझे' हे सांगणारा प्रत्यय 'गा' किंवा 'क्का' असा लागतो. त्यामुळे समोरचा माणूस 'माझा अंगरखा', 'माझे बूट' असं म्हणत होता, असा माझा तर्क आहे. सुरीच्या आणि जहाजाच्या शब्दांचा शेवटही असाच आहे, तेव्हा या तर्कावर फार भार टाकू नये. पण यादी एका माणसाच्या अंगावरून तयार झाली, हे चित्र मला त्यात स्पष्ट दिसतं.

आता 'अतिगी'कडे जरा बारकाईने पाहू. पूर्व आर्क्टिकच्या बोलींत अतिगी हा आतला अंगरखा. त्याची केसाळ बाजू अंगाला लागते. थंडीत त्यावर दुसरा, केस बाहेर असलेला अंगरखा चढतो, तो 'कुलित्ताक'. चार शतकांपूर्वी 'अतिगी' शब्दाची व्याप्ती थोडी वेगळी असू शकेल. तरी हॉलच्या यादीत एकाच अंगरख्याचं नाव आहे आणि ते आतल्याचं आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण ते दिवस ऑगस्टचे होते. बाहेरचा अंगरखा कुणाच्या अंगावर नसावा, म्हणून यादीतही आला नसेल.

यादीतला आणखी एक शब्द मला फार मोलाचा वाटतो. अंगठ्याजवळच्या बोटाला हॉलने 'टेकेरे' लिहिलं, म्हणजे 'तिकिक'. तिकिक म्हणजे तर्जनी, आणि तिकिक म्हणजे शिवताना तर्जनीवर चढवायचं कातड्याचं अंगुस्तानही. हॉलला बोट मिळालं. अंगुस्तानाविषयी त्याने विचारलं नाही, आणि विचारायचं त्याला कारणही नव्हतं. हे कपडे कोण शिवतं, कशाने शिवतं, किती दिवस शिवतं, याबद्दल त्या वर्षीच्या इंग्लिश कागदांत मला एक ओळ सापडत नाही. खलाशांनी घंटा आणि आरसे देऊन सीलच्या आणि अस्वलाच्या कातड्याचे अंगरखे घेतले, एवढी देवघेवीची नोंद तेवढी आहे.

त्या सफरीत पाच खलाशी होडी घेऊन किनाऱ्यावर गेले ते परतलेच नाहीत. त्यांच्या बदल्यात ओलीस म्हणून फ्रोबिशरने घंटेचं आमिष दाखवून एका इनुइट माणसाला त्याच्या कयाकसकट जहाजावर ओढून घेतलं. लंडनला पोचल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. सफरीचा हिशेब ठेवणाऱ्या मायकेल लॉकच्या वह्यांत कॉर्नेलिस केटल या चित्रकाराला दिलेल्या पैशांची नोंद आहे. त्याने त्या माणसाची अनेक चित्रं काढली, काही त्याच्या स्वतःच्या कपड्यांत, एक इंग्लिश कपड्यांत. ती सगळी हरवली. फ्लेमिश चित्रकार लुकास द हीरे याने त्याच वर्षी काढलेलं एक चित्र तेवढं उरलं आहे.

कपड्यांची खरी माहिती मिळते ती पुढच्या वर्षी. १५७७ च्या दुसऱ्या सफरीवर डायोनाइझ सेटल नावाचा गृहस्थ गेला होता आणि परतल्यावर त्याच वर्षी त्याने वृत्तांत छापला. इनुइट लोकांबद्दल त्याची मतं तुसडेपणाची आहेत, पण नजर बारीक आहे. तो सांगतो, मारलेल्या जनावरांची कातडी हे लोक त्याच जनावरांच्या कंडरांच्या धाग्याने शिवतात. पक्षी मारले की तेही सोलून त्यांच्या कातड्याचे कपडे करतात. अंगरख्याला टोपडं असतं आणि मागे शेपटीसारखा भाग लोंबतो, बायकांचा पुरुषांपेक्षा लांब. विजार बायका-पुरुषांची सारखीच, पुढे न उघडणारी. पायात केस आत असलेले कातड्याचे मोजे, एकावर एक दोन-तीन जोड, बायकांचे विशेषच. त्यांत सुऱ्या, सुया आणि लागणाऱ्या इतर वस्तू खोचलेल्या. मोजा खाली घसरू नये म्हणून आत पावलापासून गुडघ्यापर्यंत पोचणारं एक हाड. कातडं केसांसकट कमावलेलं, अगदी मऊ. सुयांचा उल्लेख इथे पहिल्यांदा येतो, तोही मोज्यात खोचलेली वस्तू म्हणून.

सेटलचं एक वाक्य मात्र चुकीची समजूत करून देतं. हे लोक थंडीत केसाळ बाजू आत घालतात आणि उन्हाळ्यात बाहेर, असं तो लिहितो. त्यावरून वाचकाला वाटतं की कपडा एकच, ऋतूप्रमाणे उलटा-सुलटा केलेला. सेटलने तिथली थंडी पाहिलीच नव्हती. फ्रोबिशरच्या तिन्ही सफरींचा क्रम असा, की जहाजं जुलैच्या सुमाराला तिथे पोचत आणि ऑगस्टच्या अखेरीस खाडी गोठण्याच्या भीतीने निघून जात. इंग्लंडात तेव्हा जुनं ज्युलियन पंचांग चालत असे. त्यातला ऑगस्टअखेर म्हणजे आजचे सप्टेंबरचे पहिले दिवस. आणि इनुइट कपड्यांचा हंगाम नेमका त्या सुमाराला सुरू होतो.

हिवाळी पोशाखाला लागतं कॅरिबूचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या रेनडिअरचं कातडं, आणि तेही ठरावीक दिवसांतलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला जुने केस झडत असतात आणि गोमाश्यांच्या अळ्यांनी कातडीला भोकं पाडलेली असतात. ऑगस्ट-सप्टेंबरात भोकं भरून येतात आणि नवा केस दाट पण आखूड असतो. ऐन हिवाळ्यातलं कातडं इतकं जाड नि लांब केसांचं असतं की ते अंथरायला बरं, अंगात घालायला नाही. कॅरिबूच्या केसाच्या आत हवेने भरलेल्या असंख्य पेशी असतात, म्हणून तो हलका आणि ऊबदार. दोन अंगरख्यांच्या दोन केसाळ बाजू, त्यांत आणि त्यांच्यामध्ये अडकलेली हवा, हीच सगळी ऊब. कपडा सैल, म्हणजे घाम धरत नाही. कारण तिथे ओला कपडा जिवावर बेततो. जनावरं मिळाली की कातडी वाळवायची, खरवडायची, मऊ करायची आणि थंडी पडायच्या आत घरातल्या प्रत्येकासाठी नवा जोड शिवायचा. विसाव्या शतकात इग्लूलिक भागात राहून आलेल्या क्नुद रासमुसेनच्या पाचव्या थुले मोहिमेच्या ग्रंथांत याचे निर्बंधही नोंदले आहेत. कॅरिबूच्या कातड्याचं शिवण ठरावीक काळातच व्हायचं. समुद्राच्या बर्फावर मुक्काम हलला की ते निषिद्ध. १५७७ मध्ये ही लगबग सुरू व्हायच्या वेळी सेटल परतीच्या वाटेवर होता. त्याचा कागद ऑगस्टचा आहे, हे लक्षात ठेवूनच तो वाचायला हवा.

त्याच सफरीत रक्तपात झाला. खाडीच्या दक्षिण किनाऱ्यावर इंग्लिश लोकांनी एका छावणीवर चाल केली. छावणीत त्यांना आपल्याकडचे कपडे सापडले: कॅनव्हासचा एक डगला, एक सदरा, एक कंबरपट्टा आणि तीन जोडे, वेगवेगळ्या पायांचे आणि वेगवेगळ्या मापांचे. आधल्या वर्षी नाहीशा झालेल्या पाच जणांचेच हे असणार, असं त्यांनी ठरवलं. चकमकीत पाच-सहा इनुइट मारले गेले. दोन बायका हाती लागल्या, एक म्हातारी आणि एक लेकुरवाळी. म्हातारी चेटकीण असावी असं काही खलाशांना वाटलं, म्हणून तिच्या पायांना खूर आहेत का हे पाहण्यासाठी तिचे बूट ओढून काढले गेले, आणि मग तिला सोडून देण्यात आलं. इनुइट बुटांविषयीच्या सोळाव्या शतकातल्या सगळ्या नोंदींत ही एक मला वाचवत नाही. ज्या बुटांची आत-बाहेरची रचना सेटलने इतकी बारकाईने लिहिली, ते माप घेऊन, तळाला चुण्या घालून कुणीतरी शिवलेले होते, बहुधा तिनेच.

लेकुरवाळीला, तिच्या मुलाला आणि आणखी एका पुरुषाला जहाजावर घेतलं गेलं. इंग्लिश कागदांत त्यांची नावं अनेक रूपांत येतात. आजचे अभ्यासक पुरुषाला कालिचो, बाईला अर्नाक आणि मुलाला नुताक म्हणतात. अर्नाक म्हणजे नुसतं 'बाई'. ऑक्टोबरात ब्रिस्टलला पोचल्यावर कालिचोने एव्हन नदीत कयाक वल्हवून बदकं मारून दाखवली. महिन्याभरात तो वारला. डॉक्टर एडवर्ड डॉडिंगने त्याच्या शवाची तपासणी करून लॅटिनमध्ये अहवाल लिहिला. बरगड्या मोडलेल्या होत्या. अर्नाक त्याच्यामागून काही दिवसांत गेली, आणि लंडनला नेल्यावर मूलही.

जॉन व्हाइटने रंगवलेली त्यांची जलरंगातली चित्रं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. व्हाइट स्वतः सफरीवर होता की त्याने इंग्लंडात ती काढली, यावर मतभेद आहेत. पण सेटलचं वर्णन आणि व्हाइटचं चित्र शेजारी ठेवलं की एकमेकांना दुजोरा देतात: लोंबता मागचा भाग, मांडीपर्यंत आलेले रुंद फुगीर बूट, आखूड केसांचं कातडं. बाईच्या चेहऱ्यावर गोंदणाच्या रेषा आहेत आणि खांद्यामागे टोपड्यातून मुलाचं तोंड डोकावतं.

हा बायकांचा अंगरखा म्हणजे 'अमाउती'. चित्र पाहणाऱ्याला वाटतं की मूल टोपड्यात बसलंय. खरं तर पाठीवर टोपड्याच्या खाली 'अमाउत' नावाची झोळी अंगरख्यातच शिवलेली असते. मूल तिथे आईच्या पाठीला अंग लावून बसतं आणि बाहेरून बांधलेल्या पट्ट्यामुळे खाली सरकत नाही. टोपडं रुंद असतं, कारण ते दोघांसाठी असतं. खांदेही मुद्दाम फार रुंद ठेवतात, म्हणजे कपडा न काढता, गार वारा न लागू देता मुलाला आतल्या आत पुढे फिरवून पाजता येतं. ब्रिस्टलच्या एका बखरीत या बाईविषयी एक चमत्कारिक नोंद आहे: मुलाला पाजताना ती स्तन खांद्यावरून मागे टाकत असे. हे अशक्य आहे, पण बखरकाराने ते निव्वळ मनाने रचलं असंही मला वाटत नाही. मूल पाठीशी, ते दूध पितंय, आणि आईने अंगरखा उतरवलेला नाही, इतकं बघणाऱ्यांना दिसलं असेल. आत खांद्यापाशी काय हालचाल झाली ते कातड्याआड राहिलं आणि त्यांनी ती जागा आपल्या कल्पनेने भरली. अमाउतीची रचना माहीत असली की ही विचित्र नोंद उलट तिच्या रुंद खांद्यांची साक्ष देते.

हिवाळी कपड्यांसाठी मात्र इंग्लिश कागदांच्या बाहेर जावं लागतं, आणि तिथे प्रत्यक्ष कपडेच मिळाले आहेत. १९७२ च्या ऑक्टोबरात पश्चिम ग्रीनलंडमधल्या उमान्नाकजवळ किलाकित्सोक या ओसाड वस्तीपाशी हान्स आणि योकुम ग्रोनवोल्ड हे दोघे भाऊ पक्ष्यांच्या शिकारीला गेले होते. पुढे आलेल्या खडकाखाली त्यांना दोन थडगी दिसली. आत सहा बायका आणि दोन मुलं होती, धाकटं सुमारे सहा महिन्यांचं. कोरड्या थंडीने देह आपोआप सुकून टिकले होते. रेडिओकार्बन पद्धतीने काळ निघाला १४७५ च्या आसपासचा, म्हणजे हॉलच्या यादीच्या शंभर वर्षं आधीचा. त्यांच्या अंगावर आणि सोबत मिळून ७८ कपडे मिळाले. कोपनहेगनला त्यांचा अभ्यास झाला आणि १९८२ मध्ये ते नूकच्या संग्रहालयात परत गेले.

ग्रीनलंडचा पोशाख बॅफिनहून थोडा वेगळा. इथे भर सीलच्या कातड्यावर आहे. पण सेटलने एका वाक्यात उरकलेली गोष्ट इथे हातात धरता येते: आतले अंगरखे पक्ष्यांच्या कातड्याचे आहेत, पिसं अंगाच्या बाजूला. शिवणाऱ्या बाईने एकाच जातीचे पक्षी घेतलेले नाहीत. अंगाच्या कुठल्या भागाला किती ऊब हवी आणि कुठे कातडं लवचीक हवं, ते पाहून वेगवेगळे पक्षी जोडले आहेत. त्यावर सीलचा दुसरा अंगरखा. बुटांतही दोन थर आहेत, आणि बूट नि मोजा यांच्यामध्ये सुकं गवत भरलेलं, म्हणजे ओल गवत शोषून घेईल आणि बदलताही येईल. म्हणजे दोन थरांची पद्धत फ्रोबिशर येण्याच्या शतकभर आधी पक्की बसलेली होती. इन्फ्रारेड छायाचित्रांत सहापैकी पाच बायकांच्या चेहऱ्यांवर गोंदण दिसलं, व्हाइटच्या चित्रातल्यासारखंच.

कंडरांच्या धाग्याचं शिवण हा तर स्वतंत्र विषय आहे. बुटाला पाणी लागणार, म्हणून तिथे सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही. अर्ध्या जाडीतून ती फिरवून बाहेर काढायची आणि मग उलट बाजूने दुसरी शिवण घालायची. अशा शिवणीत आरपार भोक कुठेच राहत नाही. त्यात धागा ओला झाला की फुगतो आणि उरलीसुरली फट बुजवतो. सोळाव्या शतकात ही सुई हाडाची किंवा हस्तिदंताची असे, धातूची क्वचित.

नाहीशा झालेल्या त्या पाच खलाशांचं काय झालं? इंग्लिश समजूत अशी की त्यांना मारलं गेलं. १८६१ मध्ये चार्ल्स फ्रान्सिस हॉल हा अमेरिकन प्रवासी त्याच खाडीत पोचला. या हॉलचा पहिल्या हॉलशी काही संबंध नाही. तिथल्या वृद्धांनी त्याला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हकीकत सांगितली: फार पूर्वी गोऱ्यांची जहाजं आली, आधी दोन, मग दोन-तीन, मग पुष्कळ. इंग्लिश कागदांशी हा चढता क्रम जुळतो; १५७८ च्या तिसऱ्या सफरीत १५ जहाजं होती, सोनं समजून कुचकामी दगड भरून न्यायला. पाच गोरे मागे राहिले, असंही वृद्धांनी सांगितलं. त्यांनी हिवाळा इनुइट लोकांमध्ये काढला, लाकडाची नाव बांधली, आणि थंडी सरायच्या आधीच निघायचा प्रयत्न केल्यामुळे काहींचे हात गारठून निकामी झाले. हे पाच म्हणजे १५७६ चेच की १५७८ नंतरचे, यावर वाद आहे. पण कॅनव्हासचा डगला आणि सदरा घालून त्या हवेत उतरलेल्या माणसांचे हात गोठणं, हे मला पटतं. त्यांच्यापैकी कुणी हिवाळा काढला असेल, तर इनुइट लोकांचा पुरा हिवाळी पोशाख जवळून पाहिलेले ते पहिले इंग्रज. त्यांच्या हातचं एक अक्षरही उरलेलं नाही.

इंग्लिश कागदांत हिवाळ्यातला पोशाख नीट उतरायला १८२१ उजाडावं लागलं. विल्यम पॅरी आणि जॉर्ज लायन 'फ्युरी' आणि 'हेक्ला' ही जहाजं घेऊन दोन हिवाळे इनुइट वस्त्यांशेजारी राहिले, पहिला विंटर आयलंडला आणि दुसरा इग्लूलिकला. १८२४ मध्ये दोघांचे ग्रंथ निघाले. त्यांत दोन अंगरखे आहेत, आतल्याचे केस आत आणि बाहेरच्याचे बाहेर, आणि सेटलचं कोडं तिथेच सुटतं. बायकांचे तेच रुंद बूटही आहेत, आणि त्यांत वस्तू ठेवायची सवयही, अडीचशे वर्षांनी जशीच्या तशी. लायनने गोंदणाचीही नोंद केली. काजळीत बुडवलेला धागा सुईत ओवून ती त्वचेखालून काढायची, म्हणजे कपडा शिवावा तसंच शिवायचं. ते कसं लागतं हे कळावं म्हणून त्याने एका इनुइट बाईपुढे आपला हात धरला. शिवणारी बाई, तिची सुई आणि तिचा टाका इंग्लिश कागदावर इतक्या जवळून प्रथमच आले, ते तिने एका इंग्रज कप्तानाच्या कातडीवर टाके घातले तेव्हा.